शीकाकांचं टोपण

शीकाकांचं खरं नाव सावंत. पण नाहूरच्या आमच्या इमारतीत त्या नावाने त्यांना फक्त पोस्टमन ओळखायचा. बँकेतून निवृत्त झालेला, इस्त्रीचा पायजमा घालणारा हा मालवणी माणूस कुणाच्याही घरात आधी नाक घेऊन शिरायचा आणि पहिला शब्द काढायचा, "शी!"

उघडा पाईप त्यांना बघवत नसे. वॉशिंग मशीनची जागा बदलली की भिंतीत प्लॅस्टिकच्या पाईपचं तोंड उरतं. आपण काय करतो? चिंधी कोंबतो, वर दुधाची पिशवी आणि रबरबँड. आमच्याकडची ती चिंधी काकांनी दोन बोटांत धरून साऱ्या घराला दाखवली. तिच्यातून झुरळाच्या मिशा हलत होत्या. "मेल्या, ह्यां बूच? ह्यां तर झुरळांचा लॉज!"

मग सोहळा. करवतीने पाईप सरळ कापायचा, कड काचकागदाने घासायची, फडक्याने कोरडी करायची. पाईपला बाहेरून, प्लॅस्टिकच्या टोपणाला आतून चिकटवायचं सोल्युशन लावायचं आणि टोपण किंचित फिरवत दाबायचं. एवढं झालं की काका त्यावर अंगठा ठेवून, डोळे मिटून उभे. "लगेच सोडलंस तर मागे सरकता. जरा धरून ठेवूक होया."

त्यांच्या मुलीच्या, मेघाच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच रात्री जेवायला यायची होती. काका राहायचे तळमजल्यावर. त्याच दुपारी खिडकीतून वास आला म्हणून ते मागे गेले, तर गटारावर एक पाईप तोंड वासून लोंबत होता. आतून काळा, चिकट, खरकट्याची साय धरलेला.

"अहो, तो कुठून येतो ते तरी बघा," काकू म्हणाल्या.

"कोरडो आसा. म्हणजे मेलेलो."

दुपारी सगळी इमारत झोपलेली, म्हणून कोरडा! काकांनी टोपण बसवलं.

संध्याकाळी व्याही दारात चपला काढत होते आणि मी वर चौथ्या मजल्यावर बांगडे धूत होतो. सगळ्या सिंकांचं पाणी त्याच पाईपातून जायचं. खालची वाट बंद, म्हणून ते काकांच्या सिंकमधून वर आलं. राखाडी पाणी, तेलाचे तवंग, फुगलेला भात आणि माझ्या बांगड्यांची आतडी.

"बाबा, काय केलंत हे! काढा ते टोपण!" मेघा रडकुंडीला आली. आता हे लग्न काही होत नाही, असंच तिच्या तोंडावर लिहिलेलं.

मी खाली धावलो, तर काका गटारात उभे राहून टोपण ओढत होते. "निघत नाय गो!" ते ओरडले, आणि शपथेवर सांगतो, त्या आवाजात थोडा अभिमान होता.

शेवटी व्याह्यांनीच पँट दुमडली, करवत मागितली आणि पाईप कापला. पहिला लोंढा त्यांच्याच पायांवर आला. पायांकडे बघून ते म्हणाले, "शी!"

काकांचा चेहरा उजळला. "मेघा, माणसं आपलीच गो!"

गेल्या वर्षी काका गेले. बाहेर आवारात आणून ठेवलं होतं. नाकात कुणीतरी घाईघाईने कापूस कोंबला होता, एक बोळा वाकडा, तंतू बाहेर. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, हात कुणाचा पुढे होत नव्हता.

मेघा खाली बसली. "शी," ती हळूच म्हणाली, "असं कोण घालतं?" तिने बोळा काढला, घट्ट वळला, किंचित फिरवत पुन्हा बसवला. आणि त्यावर बोट तसंच ठेवून, डोळे मिटून, जरा वेळ धरून राहिली.