मास्तरांचं अहो

तर मास्तर दुकानाच्या दारातच अडले आणि म्हणाले, "येणं झालं का?"

आता हे कुणाला? समोर एकटी काजवाली उभी. त्या शिवणाच्या दुकानात काजं पाडणं आणि बटणं लावणं तिच्याकडे. कालपर्यंत ती 'आलो' म्हणायची. त्या सकाळी स्वतः शिवलेला झगा घालून आली आणि म्हणाली, "मास्तर, आजपासून मी 'आले' म्हणणार. मनात जन्मभर तेच म्हणत होते."

मास्तर माणूस सज्जन. 'आलास' म्हणावं तर तिचं मन दुखणार, 'आलीस' म्हणावं तर जीभ रेटेना. मग गुरुजींनी छडीच्या धाकानं घोकून घेतलेले कर्मणी-भावे प्रयोग म्हातारपणी कामी आले. "चहा घ्यायचा का? जेवण उरकलं का?" आणि हाकेला 'अहो'. 'अहो'ला ना मिशी, ना वेणी!

"मास्तर, बोलताय की सरकारी पाटी वाचताय?" इस्त्रीवाली खिदळायची.

काजवालीला मात्र ते 'अहो' सुईसारखं टोचायचं. याच मास्तरांनी तिला सुई धरायला शिकवली, तीही "अरे गाढवा" म्हणत. लोक मान मिळत नाही म्हणून रडतात, हिच्या डोळ्यांत मिळालेल्या मानानं पाणी यायचं. हवं होतं नुसतं एक 'अगं'. घरच्या लेकीला न मागता मिळतं तसं. मागून घेतलं तर त्यात काय राम?

बाईच्या कोटाचं काज उजवीकडे, पुरुषाच्या डावीकडे, हे तिला झोपेतही ठाऊक. पण एका वकीलबाईंच्या कोटावर, इस्त्रीवालीशी गप्पा हाणता हाणता, तिनं सगळी काजं डावीकडे पाडली! पाडलेलं काज आणि सुटलेला शब्द, दोन्ही परत घेता येत नाहीत.

मास्तरांनी कोट उचलला आणि त्यांचं व्याकरण भसकन उतू गेलं. "अगं ए आंधळे! बाईच्या कोटाला पुरुषाची काजं पाडून बसलीस? लक्ष कुठं होतं गं तुझं, भवाने?"

इस्त्रीवालीची इस्त्री हवेतच. मास्तर भानावर आले, घाम पुसत पुटपुटले, "अहो, माफी असावी... रागात बोललं गेलं..."

काजवाली हसत होती आणि डोळेही पुसत होती. म्हणाली, "मास्तर, कोटाची ती बाजू मी पुन्हा नवी बेतते, रात्र झाली तरी बसते, पण आता परत 'अहो' म्हणालात ना, तर पुढच्या कोटाचीही डावीकडे पाडीन!"