आधी नाव सांग

मेस्त्री कुणालाही हसायला सांगत नसत. नवा दात बसवला, की आरसा पाठीमागे धरायचे आणि म्हणायचे, "हंसू नक्को, अम्मा. अगोदर नांव सांग." स्वतःचं नाव पूर्वीसारखं निघालं, तर तो दात त्या माणसाचा झाला. नाहीतर अजून मेस्त्रींचाच. मग तो काढून ते पुन्हा घासत बसत.

मुंबईत दातांचा डॉक्टर होऊन मी मद्रासला आलो आणि मैलापुरात, देवळाच्या तळ्याजवळ दवाखाना थाटला, त्या काळातली ही गोष्ट. मी दात तासायचो आणि मेस्त्री मागच्या खोलीत त्यांवर बसवायच्या टोप्या, कवळ्या घडवायचे. तंजावरच्या मराठी घरातले. मराठी जुनी, तमिळ हेलाची. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला 'तुम्ही'च म्हणत. प्रत्येकाच्या दातांचा प्लॅस्टरचा ठसा, तासण्याआधीचा आणि नंतरचाही, ते फळीवर जपून ठेवत. "माणूस विसरेल. हे विसरत नाही," म्हणायचे.

सरसूला तिचे वडील घेऊन आले. शाळेत शिकवणारी हसरी मुलगी. पुढच्या दोन दातांत तांदळाचा दाणा मावेल एवढी फट होती, आणि नाव सांगताना त्यातले दोन्ही 'स' बारीक शीळ घालत.

"दोन स्थळं ह्या फटीतून निसटली, डॉक्टर," वडील म्हणाले. "वर्षभर तोंडात तार घालून मुलगी कुणाला दाखवू? पंधरा दिवसांत पाहुणे येताहेत."

मेस्त्रींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. "धडधाकट दांत आहेत, डाक्टर. तासूं नका. मी प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा करून देतो, पाहुण्यांपुरता चिकटवूं. तासलेला दांत परत उगवत नाही."

ती पाहुण्यांची फसवणूक होईल, असं मी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. विजेवरचं नवं यंत्र आलं होतं आणि माझे हात शिवशिवत होते.

दोन्ही दात मी तासले. गरजेपेक्षा खूप जास्त तासले. मेस्त्रींनी ठसा घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि फळीवर ठेवला. त्यांनी केलेल्या चिनीमातीच्या टोप्या इतक्या सुरेख होत्या, की फट कुठे होती ते सापडेना. सरसूने नाव सांगितलं. शीळ गेली होती. वडील खूश झाले.

"नांव बदललं," मेस्त्री पुटपुटले.

लग्न जमलं, झालं. सहा महिन्यांनी ती परत आली ती ओठ सुजवूनच. दोन्ही दातांच्या नसा मेल्या होत्या; दात काढावे लागले. वडिलांनी भरल्या दवाखान्यात विचारलं, "चूक कुणाची?"

"टोप्या घट्ट बसल्या," मी म्हणालो.

टोप्या कोण करतं ते सगळ्यांना माहीत होतं. मेस्त्री दारात उभे होते, हात प्लॅस्टरने पांढरे. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"सरि, बरं. माझ्या हाताची चूक."

सगळे गेल्यावर मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "तुमची पाटी नवी आहे, डाक्टर. राहूं द्या."

मी राहू दिलं.

सरसूची दोन दातांची कवळी हे त्यांचं माझ्याकडचं शेवटचं काम. जुन्या, न तासलेल्या दातांच्या ठशावरून त्यांनी ती केली, फटीसकट. तिने नाव सांगितलं आणि शीळ परत आली. आरसा हातात यायच्या आधीच ती रडू लागली.

मेस्त्रींचा हात गेला, असं मैलापूरभर झालं. दुसरे डॉक्टरही काम देईनासे झाले. ते तंजावरला परतले आणि दोन वर्षांत वारल्याचं कळलं. जाताना माझ्या टेबलावर धोतराच्या फडक्यात गुंडाळून एक ठसा ठेवून गेले होते, माझ्या तासण्यानंतरचा. धंद्यातल्या कुणीही तो पाहून दात कुणी मारले ते सांगितलं असतं. त्या दिवशी ते दारात उभे होते, तेव्हा तो त्यांच्या हाताच्या अंतरावर फळीवरच होता.

आज तो समोर ठेवून लिहितो आहे. सरसूच्या माणसांपैकी कुणी वाचत असेल, तर त्यांना सांगायचं आहे: टोप्यांत काहीही खोट नव्हती. दात मी मारले. आणि ज्याने प्रत्येकाला आधी नाव विचारलं, त्याला मीही शेवटपर्यंत मेस्त्रीच म्हटलं. त्यांचं नाव व्यंकोबाराव होतं.