छताला टेकलेल्या टोपल्या

जिजी कुणाच्याही घरात शिरली की आधी माणसांकडे नाही, छताकडे बघायची. बारामतीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी राहायला आले, सामान अजून खोक्यांत होतं, आणि समोरच्या दारातून सत्तरीची, कमरेत वाकलेली ही बाई न विचारता आत आली. थेट गॅलरीत गेली आणि मान वर करून उभी राहिली. "हुक न्हाय व्हय तुमच्यात?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बसा ना आजी." "आजी न्हाय, जिजी म्हन. आन बसायला येळ कुठाय? उन्हाळा आला तोंडावर." उन्हाळ्याचा आणि हुकांचा काय संबंध हे मला नंतर कळलं. वैताग मात्र तेव्हापासूनच सुरू झाला.

मी शाळेत शिकवते. बागकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गॅलरी फुलांनी भरायची हौस दांडगी. नर्सरीतून पिटुनियाच्या तयार टांगत्या टोपल्या आणल्या, गुलाबी, जांभळ्या. जिन्यातच जिजीने अडवलं. "ही थंडीची फुलं, पोरी. ऊन लागलं की मान टाकत्याल." मी हसून वर आले. फुलांनी मान टाकली. मग "मी म्हनलं नव्हतं?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं! जिन्यात, दुधाची पिशवी घेताना, एकदा तर माझ्या सासूबाईंसमोर. जणू फुलं मी मुद्दाम मारली होती. बरं, हिचं स्वतःचं सगळं जगत होतं असंही नाही. टांगत्या टोपलीत टोमॅटो लावायचा हट्ट तिने दरवर्षी केला आणि दरवर्षी तो मोडून खाली पडला. त्याबद्दल मात्र कुणी काही म्हणायचं नाही.

त्यानंतर तिने माझा ताबाच घेतला. विकत काही आणायचं नाही, हा पहिला नियम. पोत्याची सुतळी उसवून तिने शिंकी विणली, जुन्या घरात दुधाचं भांडं टांगायला असायची तशी. शिंक्याच्या आत नारळाची सोडणं, त्यावर घोंगडीचा तुकडा, मग माती, शेणखत आणि वाळका पाला. घोंगडी तिच्या सासरची. इंदापूर तालुक्यातल्या कळसला तिच्या सासऱ्यांची मेंढरं होती, शेरडंही होती. पुढे कळप विकला, शेती केली, ती आता तिचा थोरला मुलगा बघतो. जिजी धाकट्याकडे, दत्ताकडे राहायची. तो कारखान्यात नोकरीला. घोंगडी कापू नको म्हणून मी किती विनवलं. "पांघरायला कुनाला हाय आता? पंखं लावून झोपता तुमी. लोकर पानी धरून ठिवती," असं म्हणून तिने कात्री चालवली.

त्यात भर उन्हाळ्यात फुलणाऱ्या चिनी गुलाबाच्या काड्या खोचल्या. "चार बोटं तोडायची, खुपसायची आन इसरायचं." पण विसरणं मला जमेना. मी तासातासाला बोट घालून माती बघायची, पाणी घालायची. ती दारातून ओरडायची, "आगं, झाड हाय, पाव्हना न्हाय! सारखं चा-पानी इचारू नगंस!"

हे सगळं मी सोसलं असतं. पण टोपल्या टांगायची वेळ आली आणि तिने त्या थेट छताला भिडवल्या. तिच्या गॅलरीत आणि माझ्याही. चिनी गुलाब फुलला की तो मला दिसायचाच नाही, दिसायची ती सोडणं आणि सुतळीच्या गाठी. फुलांचा मान वरच्या मजल्याच्या फरशीला! "जिजी, खाली घेऊ या गं जरा," मी म्हटलं. ती हादरलीच. "आन शेरडाचं तोंड पोचलं मंजी?"

"जिजी, आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो. इथे शेरडू कुठून येणार?"

"शेरडाला काय, दावं तुटायचा अवकाश. जिना चढतंय की. तोंड पोचंल तितं हिरवं ठेवायचं न्हाय."

जन्मभर तिने तुळससुद्धा शेरडांपासून वाचवून वाढवली होती. मी फळ्यावर आकृती काढून पोरांना समजावते, पण या बाईपुढे हात टेकले.

आणि रोज पाणी घालायला ती स्टुलावर चढायची. मी ओरडायची, दत्ता ओरडायचा. शेवटी एका सकाळी ती पडलीच. हाड मोडलं नाही, पण कंबर काळीनिळी झाली. दत्ता घाबरून गेला. म्हणाला, "आई, पुन्हा पडलीस तर उठायची नाहीस. टोपल्या खाली तरी घे, नाहीतर सगळ्या काढून टाकतो." "मग काढ," जिजी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मला तिचा इतका राग आला! हातभर खाली घ्यायच्या होत्या फक्त. पण हेही दिसत होतं, की सून आणि दत्ता कामाला गेल्यावर त्या घरात तिची वाट बघणारं दुसरं काही नव्हतं. टोपल्या गेल्या असत्या तर ती उठलीच नसती.

मीच दत्ताला कप्प्या आणि दोर आणायला लावले. दोर सोडला की टोपली खाली, ओढला की वर. जिजीने पडल्या पडल्या ते बघितलं, उठून बसली आणि म्हणाली, "हिरीवर असायचा तसा रहाट केला की." त्या दिवसापासून पाणी घालून झालं की टोपली लगेच वर. पाहुण्यांनी "फुलं बघू" म्हटलं की क्षणभर खाली, आणि माणूस नीट वाकायच्या आत पुन्हा वर. घरात येणारा प्रत्येक जण तिला शेरडूच वाटत असावा.

गेल्या वर्षी दत्ताची बदली चाकणला झाली. जाताना जिजीने आपल्या टोपल्या माझ्या गॅलरीत टांगायला लावल्या आणि बजावलं, "खाली घेऊ नगंस." गाडी वळणाआड गेली आणि मी सगळ्या टोपल्या डोळ्यांसमोर येतील अशा खाली घेतल्या. दहाच्या उन्हात चिनी गुलाब उमलला तो पहिल्यांदा नीट बघितला. लाल, पिवळा, पांढरा. मुक्काम खालीच ठेवला.

फोनवर विचारलं, तिथे काय करतेस? "बसती. भिताडं बघती. गॅलरीला समदी काच हाय. हितं वरबी काय न्हाय, खालीबी काय न्हाय." तिचा एवढा पडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

या मे महिन्यात वॉचमनने गावाकडून शेळी आणली. वारं यावं म्हणून मी दार उघडं टाकलं होतं. स्वयंपाकघरातून बाहेर येते तर गॅलरीत शेळी, पुढचे पाय कठड्यावर! एक टोपली साफ, दुसरीत तोंड. गळ्यात तुटलेलं दावं. मी संतापून जिजीला फोन लावला. आता ती काय म्हणणार ते मला पाठ होतं.

ती म्हणालीच नाही. "रंग कंचा हाय?" तिने विचारलं.

"काळी आहे! कपाळावर पांढरा ठिपका. जिजी, सगळी फुलं खाल्ली गं!"

"खाऊ दे. गाभन हाय का? फोन तिच्या कानाला लाव."

"काय?"

"लाव म्हनते ना!"

मी स्पीकर लावून फोन पुढे धरला. चाकणच्या बंद काचेमागून जिजीने टाळूला जीभ लावून एक लांबलचक आवाज काढला. चार वर्षांच्या शेजारात मी तो कधी ऐकला नव्हता. शेळीने चघळणं थांबवलं. कान ताठ झाले. ती चालत आली आणि तिने फोनला नाक लावलं.

"आली?" जिजीने विचारलं.

"आली."

आणि पलीकडून पूर्वीचा तो खणखणीत आवाज आला. "मी म्हनलं नव्हतं, शेरडू जिना चढतंय म्हनून?"

"म्हनली होतीस गं," मी तिच्याच भाषेत म्हटलं आणि मला रडू फुटलं. शेळी तोवर तिसऱ्या टोपलीकडे वळली होती.