गुडघ्यापर्यंत आलेली किरणं

सहवैमानिक झाले, तरी माझा आवाज काही मोठा झाला नव्हता. आमचे नागपूरचे कॅप्टन चिडवायचे, "कोल्हापूरची ना तू? तांबडा रस्सा पिऊन एवढाच आवाज?" मी नुसती हसायचे. पण वेळ आलीच तर आपल्या तोंडून शब्द फुटेल का, ही शंका आतून खात होती. देवीपुढेही मी कधी काही मागितलं नव्हतं. तिथेही लाजच वाटायची.

त्या नोव्हेंबरात सुट्टीवर आले, तेव्हा आईने किरणोत्सवाला नेलं. मावळतीची किरणं अंबाबाईच्या चरणांवर आली, गुडघ्यापर्यंत चढली आणि मुखापर्यंत पोचायच्या आतच ढग आडवा आला. किरणं विरली. माझा चेहरा पाहून शेजारची अनोळखी बाई म्हणाली, "तोंड का पाडलंस गं पोरी? उद्या येतील की! आई अंबाबाई कुठं पळून चाललीया व्हय?" आरती झाली, लोक आनंदाने घरी गेले. दिवस फुकट गेला असं कुणीच म्हणालं नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्ही काही प्रवासी घेऊन डोंगरांमधल्या एका धावपट्टीकडे उतरत होतो. बाहेर नुसते ढग, सगळी भिस्त उपग्रहांवर. अचानक पडद्यावर पिवळा इशारा उमटला: उपग्रह दाखवतात त्या जागेवर आता विसंबता येणार नाही. आमच्या मार्गाची रेघ मात्र अजून सरळच होती; ती खोटी असली तरी कळणार नव्हतं, म्हणून तिचीच जास्त भीती वाटली. अशा वेळी उतरणं सोडून वर जायचं, हा नियम. पण कॅप्टन पुटपुटले, "थांब, सिग्नल येईल परत." विमान खाली चाललेलं, आसपास डोंगर. तेवढ्यात गाभाऱ्यासमोरचा तो ठसक्यातला स्वर कानाशी आला, उद्या येतील की! आणि मी ओरडले, "गो-अराउंड, सर! वर चला!"

त्यांनी तत्क्षणी विमान वर घेतलं. ढगांवर लख्ख ऊन होतं. मग जमिनीवरच्या रेडिओ केंद्राच्या आधाराने पुन्हा आलो. ढग फाटले आणि धावपट्टी अगदी नाकासमोर! चाकं टेकल्यावर कॅप्टन म्हणाले, "आज कोल्हापूर बोललं बरं का!"

तो आवाज माझा की अंबाबाईचा, हे मी शोधत बसले नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं, असं मला वाटायचं. हट्ट सोडून मागे फिरतानाही आपण तिच्याच पायाशी असतो, हे तिने मला ढगात शिकवलं.

पुढच्या वर्षी किरणं थेट आईच्या मुखावर आली. "अंबामाता की जय!" गर्दी गरजली, आणि त्या गर्दीत मला माझा आवाज स्वच्छ ऐकू आला.