मिस्त्रीकाका परांचीवरून उतरले

नव्वदच्या दशकात मी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. समुद्रपूरहून गिरडकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आम्ही शाळेच्या खोल्या बांधत होतो. मुख्य मिस्त्री सेलूकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला भाऊ. काकूही त्याच कामावर रेजा होत्या. विटा आणि माल डोक्यावरून वर पोचवायच्या. नवराबायकोचा डबासुद्धा एकच असे.

काकांची भिंत पाहत राहावी अशी. तपासणं हे माझं काम, पण त्यांच्या भिंतीला मी ओळंबा लावायचो तो निव्वळ पद्धत म्हणून. त्या हिवाळ्यात मात्र विटांमधले सांधे जाड-बारीक येऊ लागले. एक कोपरा चक्क बोटभर बाहेर गेला. मी दाखवलं तर काका म्हणाले, "विटाच वाकड्या आल्या, भाऊ. भट्टीवाल्याले सांगा."

विटा खरंच बऱ्या नव्हत्या. मी तेवढा भाग पाडायला लावला आणि त्यांनी तो मुकाट्याने पुन्हा बांधला. पण मग माझं लक्ष काकूंकडे गेलं. घमेलं रिकामं झाल्यावरही त्या परांचीवर रेंगाळत. हळूच म्हणत, "जरा अलीकडं." काका वीट तेवढी सरकवत. ओळंब्याची दोरी काकांच्या हातात असायची, पाहायच्या त्या काकू.

याबद्दल काकांशी कसं बोलावं, या विचारात मी होतो. तेवढ्यात एका दुपारी परांचीची एक फळी दुसरीकडे लावायला कुणीतरी काढली. काका मागे सरले आणि त्यांचा पाय रिकाम्या जागेत गेला. खालून मी जिवाच्या आकांताने ओरडलो. सगळं काम थांबलं, माणसं धावली. काकूंनी त्यांच्या सदऱ्याला घट्ट धरलं होतं. दोघं तशीच परांचीच्या बल्लीला, त्या उभ्या लाकडाला टेकून उभी होती.

त्यांना खाली आणल्यावर काकू माझ्यामागे आल्या. "त्याईले बसवू नोका, भाऊ. मी पाह्यतो ना सारं."

"काकू, आज तुमी दोघंई गेले असते."

त्या रडायला लागल्या. मी काकांना रेतीच्या ढिगाआड नेलं. "काका, आता वर चढायचं नाई. खालचं काम पाहा, नव्या मिस्त्र्याइले शिकवा. वर्ध्याले दवाखान्यात डोळे दाखवू, मी येतो संगं."

"मले खाली बसवून राह्यले तुमी?" ते म्हणाले. "खाली बसला तो काय मिस्त्री राह्यते?"

त्यांनी थापी आणि ओळंबा पिशवीत घातला. काकूंनी डबा उचलला. एसटीच्या थांब्याकडे जाताना काकू एकदा वळल्या, काका नाही. पुढच्या रविवारी मी सेलूला त्यांच्या घरी गेलो, तर माझा आवाज ऐकून ते मागच्या दाराने निघून गेले. काकूंनी चहा दिला. "ते नाई येत आता," एवढंच बोलल्या.

मधे बरीच वर्षं गेली. दोन हजारनंतर मला सेलूजवळच काम मिळालं. कळलं की जावयाने काकांच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन करून आणलंय. मी लगेच गेलो. जाड चष्म्यातून त्यांनी मला दारातच ओळखलं. "भाऊ, बारीक झाले तुमी!"

मला इतका आनंद झाला, की बसण्याआधीच मी म्हणालो, "मंग चला कामावर."

ते म्हणाले, "दिसते आता. मुंगीई दिसते. पण परांचीवर पाय ठेवला का पाय कापतात. तुमी त्या दिवशी खालून वरडले ना, तो आवाज येते कानात."

ते रागाने बोलले नव्हते. त्यांना खाली उतरवलं ते योग्यच होतं; आजही मी तेच करीन. त्यानंतर मी कित्येकांना उंचावरून उतरवलं, पण आधी स्वतः वर चढून, जवळ जाऊन, हळू आवाजात. काकांच्या वेळी मात्र तोंडातून किंकाळी निघून गेली होती, आणि तिने वाचवलं कुणालाच नव्हतं. धरलं होतं ते काकूंनी.

"काकू कुठं आहेत?" मी विचारलं.

"कामावर गेली," काका म्हणाले. "दुसऱ्या मिस्त्र्याच्या हाताखाली."