वनिताला चंदीगड दाखवलं, आणि आमचं घरही

चंदीगडला आलेले पाहुणे रुंद रस्ते, झाडं आणि चौकातली फुलं बघून म्हणतात, "अगदी परदेशात आल्यासारखं वाटतं!" गेल्या रविवारी मी एका खऱ्या परदेशी विद्यार्थिनीला हे शहर दाखवलं. तिला काय वाटलं असेल, हे लिहायचा मला अधिकार नाही. मला काय वाटलं ते लिहिते.

वनिता मॉरिशसची. तिचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून तिथल्या उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. ती मोहालीत सेक्टर ६७ मध्ये औषधशास्त्र शिकते आणि जवळच्या खरड गावात भाड्याने राहते. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली. इथली आमची डॉक्टर-प्रोफेसर मंडळी छापील कागद धरून आरत्या पुटपुटत होती आणि ही मुलगी एकेक कडवं पाठ म्हणत होती. आता घरमालकाने तिला महिनाअखेर खोली सोडायला सांगितली आहे, तीही ऐन परीक्षेच्या तोंडावर. माझ्या मुलाच्या घरात वरची खोली रिकामी आहे. मी विषय काढला, तेव्हा सून म्हणाली, "आई, एक दिवस तुम्ही तिच्याबरोबर फिरा, मुलगी कशी आहे कळेल. संध्याकाळी घरी आणा, मग ठरवू." म्हणजे सहलीच्या नावाखाली तपासणी. मला तेव्हाच राग यायला हवा होता.

खरडहून बस सेक्टर ४३ च्या स्टँडवर येते. तिथे मी तिला गाठलं. ऑटोवाल्यांनी नेहमीप्रमाणे दुप्पट भाडं सांगितलं, मी नेहमीप्रमाणे पाठ फिरवली आणि तिसऱ्याने हाक मारली. तुम्हीही हेच करा. रॉक गार्डनला सकाळी लवकर जा. तिकीट चहाच्या किमतीत येतं, पाणी मात्र बरोबर न्या. फुटक्या बांगड्या, बशा, बेसिनचे तुकडे यांतून उभी केलेली माणसं आणि जनावरं वनिता वाकून वाकून पाहत होती. "आजी, टाकलेल्या वस्तूंना किती सन्मान दिला आहे!" ती म्हणाली. तिचं मराठी तिकडच्या शाळेत शिकलेलं, त्यामुळे ती पाठ्यपुस्तकासारखं बोलते. हसू नका. आपली मुलं "यार मम्मी" करतात, त्यापेक्षा ते बरं.

तेवढ्यात फोटो काढणाऱ्या एका कुटुंबातल्या बाईंनी विचारलं, "मद्रासी हो?"

"नहीं जी, मॉरिशस."

"अच्छा! पर शकल तो बिहार वाली है."

मी तोंड उघडणार, तर वनिता माझा हात धरून हळूच म्हणाली, "सकाळी बसमध्ये मी बंगाली होते. दुपारपर्यंत काश्मीर गाठू."

तिथून सुखना तलाव चालत जाण्याजोगा आहे. पेडलच्या बोटीसाठी रविवारी मोठी रांग असते आणि ती मोडणारे त्याहून मोठे. एका गॉगलवाल्या सद्गृहस्थांनी सरळ आमच्या पुढे मुलं घुसवली. मी त्यांना नन्सकडून शिकलेल्या इंग्रजीत सुनावलं. "ओ आंटी जी, गुस्सा क्यों करते हो, बच्चे हैं," ते म्हणाले. बच्च्यांना मिसरूड फुटलं होतं! जेवायला सेक्टर २२ मध्ये छोले भटुरे खाल्ले. भटुरा एकच मागवा, दुसऱ्याने दिवस बुडतो. पुढे एका संग्रहालयाच्या खिडकीवर बाबूने वनिताचा पासपोर्ट उलटासुलटा पाहिला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ये आपके यहाँ काम करती है?" तिथे मी असा आवाज चढवला की आतला पहारेकरी बाहेर आला. बाबूने माफी मागितली. मी विजयी मुद्रेने आत गेले.

पाच वाजता घरी पोचलो. सुनेने पोहे केले होते. तिने वनिताला वरची खोली दाखवली, टेबल खिडकीपाशी सरकवता येईल असंही म्हणाली. वनिताचा चेहरा उजळला. खाली आल्यावर मुलाने विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

"सखाराम."

"ते नाव झालं गं. आडनाव?"

"जहाजावर चढताना कारकुनाने खापरपणजोबांचं नाव लिहून घेतलं. तेच आमचं आडनाव झालं."

"पण मूळचं काही असेल ना?" सून म्हणाली. "कुलदैवत वगैरे?"

"आमच्या घरी गणपती आहे."

"तो सगळ्यांचाच असतो. नाही, म्हणजे, तुमच्यात लग्नं कुणात होतात?"

वनिताने बशी खाली ठेवली. "जो आवडेल त्याच्याशी."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग सुनेला आठवलं की पुढच्या महिन्यात तिचे आईवडील राहायला येणार आहेत आणि वरची खोली लागणार आहे.

आणि मी? परक्या बाबूवर ओरडणारी मी बशा गोळा करत होते. खरं सांगायचं तर गणपतीत ओळख झाली, तेव्हा माझाही दुसरा प्रश्न आडनावाचाच होता.

बसस्टँडवर मी म्हणाले, "मी समजावते त्यांना. दोन दिवस दे."

"नको, आजी," ती म्हणाली. "आज पुष्कळांनी मला विचारलं, मी कुठली. त्यांनी उत्तर ऐकलं आणि ते पुढे गेले. तुमच्या घरी उत्तरावर खोली अवलंबून होती. मी खरडलाच दुसरी शोधेन." तिने वाकून नमस्कार केला. बसमध्ये तिला बसायला जागाही मिळाली नाही.

घरी येऊन मी मुलाला आठवण करून दिली. दहा वर्षांपूर्वी तो इथे नवा आला, तेव्हा एका घरमालकाने "मच्छी खाते हो?" विचारून त्याला दारातून परत पाठवलं होतं. त्या दिवशी त्याने मला फोन करून अर्धा तास संताप केला होता.

"आई, ते वेगळं होतं," तो म्हणाला.

"कसं?"

त्याने टीव्ही लावला.

आज आठ दिवस झाले. मी रोज चहाच्या वेळी तोच प्रश्न विचारते आणि तो रोज वर्तमानपत्र उचलतो. सुनेच्या आईवडिलांचं तिकीट अजून काढलेलं नाही.