लुंबिनी खुर्चीवरून उठली

नरसिंग सोनकांबळे यांनी उभी हयात उभ्यानंच काढली. लोह्याला एका सरकारी कचेरीत ते शिपाई होते. साहेबाच्या दाराबाहेर त्यांच्यासाठी एक स्टूल होतं, पण त्यावर कायम फायली ठेवलेल्या असत. बेल वाजली की आत जायचं, पाणी द्यायचं, फाईल न्यायची आणि परत दारापाशी येऊन उभं राहायचं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. निवृत्त होताना शाल आणि नारळ मिळाला. गुडघेदुखी आधीच मिळालेली होती.

थोरल्या लेकीचं लग्न मास्तराशी झालं होतं. धाकट्या लुंबिनीच्या बाबतीत मात्र त्यांचं एकच मागणं होतं. तिला खुर्ची मिळावी.

“समोर टेबल पाहिजे, वर पंखा पाहिजे,” ते म्हणत. “बसून करायची नोकरी. आपल्या घरात उभ्यानं लई झालं.”

लुंबिनीनं आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला. नरसिंगरावांनी होकार दिला, कारण विजेच्या ऑफिसात त्यांनी बरीच टेबलं पाहिली होती. कोर्स संपला, पण भरती काही निघेना. मग तिला लातूरला एका खाजगी क्लासमध्ये चौकशीच्या काउंटरवर काम मिळालं. डॉक्टर व्हायला आलेली पोरं आणि त्यांना सोडायला आलेले आईबाप यांना फी सांगायची आणि हसायचं, एवढंच काम होतं. नरसिंगराव मुद्दाम एसटीनं येऊन खुर्ची बघून गेले. ती फिरती होती. त्यांनी ती एकदा हातानं फिरवून पाहिली आणि लोह्याला जाऊन सगळ्या गल्लीला सांगितलं.

खुर्ची फिरत होती, पगार मात्र जागचा हलत नव्हता. खोलीचं भाडं आणि मेसचं बिल गेलं की लुंबिनीकडं काही उरत नसे. पाठ दुखू लागली. डॉक्टरनं सांगितलं, चालत जा. ती म्हणाली, कुठं?

क्लासच्या इमारतीतली लिफ्ट वरचेवर बंद पडे. ती दुरुस्त करायला मलप्पा यायचा. मलप्पा निलंग्याच्या पलीकडचा, सीमेजवळचा माणूस. घरी कानडी बोलायचा, बाहेर मराठी, आणि लिफ्टशी बोलताना दोन्ही. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत लुंबिनी तो काय करतो ते बघत उभी राहिली. त्यानं तिच्या हातात बॅटरी दिली. तिचा उजेड तिनं नीट जिथं पाहिजे तिथंच धरला. तेव्हा मलप्पानं पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

“उस्ताद, ह्या कामात पगार किती मिळतो?” तिनं विचारलं.

त्यानं सांगितला. तो काउंटरवरच्या दोन मुलींच्या पगाराएवढा होता. वरून गाडी आणि पेट्रोल.

“मग पोरांची रांग लागत असंल.”

“लागते की. येतात, वर चढतात, खाली बघतात. दुसऱ्या दिवशी येत न्हाईत.”

त्या रविवारी ती त्याच्याबरोबर एका इमारतीच्या गच्चीवर गेली, यंत्राच्या खोलीत शिरली, मग लिफ्टच्या छतावर उभी राहिली आणि खाली पाहिलं. सात मजले होते. भीती वाटली. पण पाठ दुखत नव्हती. दुसऱ्या दिवशीही ती गेली. मलप्पा तिला ‘तंगी’ म्हणू लागला. कानडीत धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. काउंटर सोडून सहा महिने त्याच्या हाताखाली काढल्यावर लिफ्टच्या कंपनीनं तिला पक्कं केलं.

तिनं घरी फोन केला.

“बाबा, नोकरी बदलली. लिफ्टच्या कंपनीत लागले.”

“खुर्ची?”

“गाडी दिलीय.”

नरसिंगरावांनी नांदेडच्या एका दवाखान्यात लिफ्टमध्ये बसून बटणं दाबणारा माणूस पाहिला होता.

“स्टूल तरी हाय ना?” त्यांनी विचारलं.

“मी आत न्हाई बसत, बाबा. मी लिफ्टच्या वर चढते.”

खरं सांगून उपयोग झाला नाही. नरसिंगराव तिच्याशी बोलायचे थांबले. निरोप आई, म्हणजे सरजाबाई, पोचवायची. “तुझे बाबा म्हणायलेत की पोरीनं नाव घालवलं,” ती सांगे, आणि त्याच दमात विचारी, “जेवलीस का?”

एक दिवस नरसिंगराव न सांगता लातूरला हजर झाले. नांदेडच्या एका पतसंस्थेत खुर्ची रिकामी झाली होती. पाहुण्यांनी शब्द टाकला होता. ते लेकीला घेऊन जायला आले होते.

“आज एक लिफ्ट ताब्यात द्यायची हाय,” लुंबिनी म्हणाली. “तेवढं करून बोलू. चला तुम्ही बी.”

गाडीवर मागं बसून ते गेले. वाटेत ते पतसंस्थेबद्दल बोलत होते. वाऱ्यामुळं तिला ऐकू येत नव्हतं, आणि तिनं तसं सांगितलंही नाही.

इमारत आप्पासाहेब नावाच्या बिल्डरची होती. लिफ्टच्या दाराला झेंडूचं तोरण लावलं होतं. आप्पासाहेबांनी नारळ फोडला आणि फोटोसाठी नऊ माणसं आत घेतली. लिफ्ट सहा जणांची. शिटी वाजू लागली, तेव्हा तिघे नाराज होऊन बाहेर आले. आत आप्पासाहेब, त्यांच्या पत्नी चांगुणाबाई, जावई, गुरुजी आणि फोटोग्राफर राहिले. बटण दाबायला कुणीतरी जाणकार हवा म्हणून आप्पासाहेबांनी मलप्पाला ओढून घेतलं होतं. दार बंद झालं, लिफ्ट वर निघाली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये असताना लाईट गेली.

अशा वेळी लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून सोडणारी एक बॅटरी असते. ती दसऱ्यानंतर बसवू, असं आप्पासाहेबांनीच ठरवलं होतं.

आतून घंटी वाजू लागली. मग हातानं दार वाजवल्याचे आवाज. मग गुरुजींचं स्तोत्र.

“तंगी,” मलप्पाचा आवाज आला, “चाकावर घे. घाई करू नको. इथं एकजण उलटी करायच्या बेतात हाय.”

लाईट नसली की लिफ्ट हातानं हलवायचं चाक वर यंत्राच्या खोलीत असतं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं ब्रेकचा दांडा दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाक फिरवायचं. दुसरा माणूस, म्हणजे मलप्पा, फोटोपायी आत अडकला होता. लुंबिनीनं आजूबाजूला पाहिलं. सगळे पाहुणे मोबाईलवर शूटिंग करत होते.

“बाबा, चला वर.”

नरसिंगराव गुडघ्यांसकट पाच मजले चढले. यंत्राच्या खोलीत तिनं मेन स्विच पाडला आणि त्यांच्या हातात दांडा दिला.

“‘दाबा’ म्हणले की दाबायचं. ‘सोडा’ म्हणले की लगेच सोडायचं. मधी विचार करायचा न्हाई.”

हे त्यांना जमण्यासारखं होतं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं.

“दाबा.”

तिनं चाक धरलं. दोन्ही पाय रोवले, दंडाच्या शिरा वर आल्या. चाक इंचाइंचानं फिरू लागलं. नरसिंगराव तिच्याकडं बघत होते. लेक एवढ्या जोराची आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

“सोडा. दाबा. सोडा.”

दोरावरची पिवळी खूण जागेवर आली, म्हणजे लिफ्ट दुसऱ्या मजल्याला लागली. लुंबिनी खाली पळाली, किल्लीनं दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं. चांगुणाबाई आधी बाहेर आल्या, तिचा हात धरून तिथंच जिन्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, पाणी दे.” फोटोग्राफरनं उलटी बाहेर येऊन केली.

आप्पासाहेबांनी घाम पुसला. “मिस्त्री कुठंय?”

मलप्पानं जिन्याकडं बोट दाखवलं. तिथं लुंबिनी चांगुणाबाईंना पाणी पाजत होती. तिच्या मागून नरसिंगराव एकेक पायरी उतरत होते, हाताला ग्रीस लागलेलं. आप्पासाहेबांची नजर थेट त्यांच्यावर गेली. पाहुण्यांसाठी आणलेली शाल त्यांनी नरसिंगरावांच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. नरसिंगरावांनी नुसते हात जोडले. हार, शाल मिळताना बोलायचं नसतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

नंतर दोघं चहाच्या गाड्यावर उभे राहिले. शाल अजून खांद्यावरच होती.

“बेल वाजली की पळायचं,” ते म्हणाले. “माझं बी तेच होतं. मग फरक काय झाला?”

“तुम्हाला उभं राहायचे पैसे भेटायचे, बाबा. मला पळायचे भेटतात. जास्त भेटतात.”

त्यांनी बशीतला चहा संपवला. “आन ती पतसंस्था?”

“द्या दुसऱ्या कुणाला. पाठ चांगली असंल त्याला.”

ते एकटेच परत गेले. गल्लीत त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण पुढच्या वेळी ती लोह्याला गेली तेव्हा शेजारचा बसवंत तिला घरातला पंखा आणि पाण्याची मोटर दाखवायला घेऊन गेला. दोन्ही तिनं दुरुस्त केली.

आज लुंबिनीकडं लातूर आणि नांदेड दोन्हीकडच्या लिफ्टा आहेत. दोन पोरं तिच्या हाताखाली आहेत. त्यातलं एक दुसऱ्या दिवशीही आलं, दुसऱ्याचं अजून कळायचं आहे. तिचा पगार मास्तर असलेल्या मेहुण्यापेक्षा जास्त आहे. हे घरात कुणी बोलत नाही, मेहुण्यासकट. नांदेडला तिनं चौथ्या मजल्यावर फ्लॅट भाड्यानं घेतला आणि आईबापांना तिथं आणलं. त्या इमारतीची लिफ्ट तीच सांभाळते. नरसिंगराव दिवसातून चारदा त्या लिफ्टनं वर-खाली करतात, बहुतेक वेळा कामाशिवाय.

सरजाबाई मात्र जिन्यानं चढते. भाजीची पिशवी घेऊन, प्रत्येक मजल्यावर थांबत.

“आई, लिफ्ट हाय ना,” लुंबिनी म्हणते.

“हाय की. पण तू रोज तेच दुरुस्त करायला जातीस,” सरजाबाई म्हणते. “म्हंजे मोडत असणारच.”